आईंची शुगर जरा वाढू द्या

आमच्या सासूबाईंचा एचबीएवनसीचा, म्हणजे घरगुती भाषेत ‘तीन महिन्यांच्या शुगर’चा रिपोर्ट 6.4 आला तेव्हा पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. नवऱ्याने लॅबकडून आलेली पीडीएफ तडक भावंडांच्या ग्रुपवर टाकली. पुण्याच्या नणंदेने टाळ्या पाठवल्या. ठाण्याच्या दिरांनी लिहिलं, ‘आईला मानलं, माझी 7.8 आहे.’ आई 81 वर्षांच्या. डायबेटीस होऊन पंचवीसेक वर्षं झालेली. साखरेचा डबा वरच्या फळीवर, भात मोजून, चहा बिनसाखरेचा. इतक्या वर्षांच्या शिस्तीचं सर्टिफिकेट हातात आल्यासारखं सगळ्यांना वाटत होतं.

डॉक्टर मात्र रिपोर्ट बघून खूश झाले नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “ह्या वयाला 6.4? मला नकोय. आईंची शुगर जरा वाढू द्या.”

नवरा माझ्याकडे बघायला लागला. डायबेटीसच्या डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य ऐकायची आमच्या घराला सवय नव्हती.

खरं तर आम्ही रिपोर्ट दाखवायला गेलोच नव्हतो. आदल्या आठवड्यातल्या संकष्टीबद्दल विचारायला गेलो होतो.

आई संकष्टी सोडत नाहीत. सकाळची गोळी त्यांनी नेहमीसारखी चहाबरोबर घेतली होती. दुपारी साबुदाण्याची खिचडी केली, पण कवळी नवीन होती, दाण्याच्या कुटाचे कण तिच्याखाली जाऊन टोचत होते, म्हणून दोन-चार चमचे खाऊन त्यांनी ताटली सरकवून दिली. चंद्रोदय रात्री साडेनऊच्या पुढे. पावसाळ्यात मुलुंडला चंद्र कुठला दिसायला, कॅलेंडरातली मुंबईची वेळ बघायची आणि नैवेद्य दाखवायचा. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मी ऑफिसातून आले तर आई बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसलेल्या. मला म्हणाल्या, “हे आले का गं? डबा घासायला टाकायला सांग त्यांना, परत तसाच पिशवीत राहील.”

सासऱ्यांना जाऊन एक तप लोटलं.

माझ्या मनात आधी आलं ते स्मृतिभ्रंशाचं, मग पॅरालिसिसचं. तोंड वाकडं झालंय का, हात उचलता येतोय का, तेही बघून झालं. मग त्यांच्या मानेला हात लागला. पंखा पाचावर असताना मान, केसांची मुळं, ब्लाउजची पाठ सगळं चिंब. शुगर बघायचं मशिन काढलं. 48.

70 च्या खाली गेली की शुगर लो, आणि 54 च्या खाली गेली की गंभीर, हा हिशोब मला माहीत होता. अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर ढवळून समोर धरली तर आई तोंड फिरवून बसल्या. “अजून चंद्र उगवायचाय.” मेंदूला साखर पुरत नव्हती, नवरा हयात आहे की नाही ते आठवत नव्हतं, पण संकष्टी पक्की लक्षात. शेवटी मी म्हटलं, “आई, साखर उपासाला चालते.” त्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि पेला घेतला. शास्त्राला धरून असलेला दुसरा कुठलाही उपचार मला त्या घटकेला सुचला नसता.

पंधरा मिनिटांनी 67. पुन्हा तेवढंच साखरपाणी. आणखी पंधरा मिनिटांनी 104, आणि आई म्हणाल्या, “ऑफिसातून कधी आलीस?” मग दूध-केळं घेतलं. नैवेद्य मात्र त्यांनी वेळेवर स्वतःच दाखवला.

डॉक्टरांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात फिरणारी साखर हिमोग्लोबिनला चिकटते, आणि किती चिकटली ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण तो अंदाज सरासरीचा. एका वेळी 45 आणि दुसऱ्या वेळी 220 अशी उड्या मारणारी शुगरही कागदावर शहाण्यासारखी दिसते. “हे 6.4 कशाचं बनलंय ते बघा,” डॉक्टर म्हणाले. “रात्री कधी घाम येतो? सकाळी उठल्यावर डोकं दुखतं? मधे पडल्या-बिडल्या होत्या का?” आई गप्प. मग हळूच म्हणाल्या, “गाऊन कधीकधी ओला असतो. मला वाटलं उकाडा.” मुंबईत घामाचा दोष द्यायला उकाडा बारा महिने हजर असतो, ही एक अडचणच आहे.

आईंच्या गोळीत दोन औषधं होती, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. पैकी ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारं औषध. माणूस जेवलाय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चाळिशीतला माणूस उशिरा जेवला तर हात थरथरतात, छाती धडधडते, भुकेने जीव कासावीस होतो, आणि तो समोरच्या टपरीवर वडापाव खाऊन मोकळा होतो. म्हाताऱ्या शरीरात ह्या धोक्याच्या घंटाच मंद होतात. त्यात ब्लड प्रेशरसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधडही झाकली जाते, घाम तेवढा उरतो. राहतं काय, तर चिडचिड, असंबद्ध बोलणं, तोल जाणं. घरच्यांना वाटतं, वय झालं. किडनी मंदावलेली असते, त्यामुळे औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. भूक कमी झालेली, दात गेलेले, वजन उतरलेलं. साठीत बसवलेला डोस 81 व्या वर्षी तसाच चालू असतो, कारण रिपोर्ट चांगले येत असतात.

ह्या विषयात एक गाजलेली चाचणी आहे, अकॉर्ड नावाची, अमेरिका आणि कॅनडातली. 10,251 लोक, सरासरी वय 62, सगळे हृदयविकाराचा धोका जास्त असलेले. निम्म्यांची एचबीएवनसी जोर लावून 6 च्या खाली आणायचं ठरलं. 2008 मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण जोर लावलेल्या गटात मृत्यू जास्त होत होते : 257, तर दुसऱ्या गटात 203. आता अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या सूचनाही वयानुसार सैल होत जातात. ज्येष्ठ माणूस धडधाकट असेल तर 7 ते 7.5 च्या आत. तीन-चार आजार असतील, रोजच्या कामात मदत लागत असेल किंवा स्मरणशक्ती खालावली असेल तर 8 च्या आत. आणि फारच खंगलेल्या माणसाच्या बाबतीत ह्या आकड्याच्या मागेच लागू नये, शुगर लो होऊ नये आणि फार चढून त्रास होऊ नये एवढं बघावं.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं. किडनीचा रिपोर्ट बघून मेटफॉर्मिन निम्म्यावर आणलं, आणि ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-12 कमी होऊ शकतं म्हणून ती तपासणी लिहून दिली. त्यावर आई जे बोलल्या ते मी विसरणार नाही. “म्हणजे आता माझ्यावर खर्च नाही करायचा?”

हा प्रश्न पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या मनात असतो, विचारायचं धाडस आमच्या आईंनी केलं. औषध वाढलं की डॉक्टर लक्ष घालतायत, कमी केलं की हात टेकले, अशी आपल्याकडची समजूत. पुढे फोनवर नणंदेचाही सूर तोच होता : “गोळी बंद केली? सेकंड ओपिनियन घ्या.” डॉक्टर आईंना म्हणाले, “आजी, शुगर घट्ट धरण्याचा डोळ्यांना, किडनीला फायदा होतो तो आठ-दहा वर्षांनी दिसतो. लो होऊन बाथरूममध्ये पडलात तर खुब्याचं हाड आज संध्याकाळी मोडेल.” आईंना हिशोब पटला. आयुष्यभर त्यांनी दोनच गोष्टी मानल्या, कॅलेंडर आणि हिशोब.

सैल सोडायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं नाही. शुगर कायम 250-300 च्या वर राहिली तर तहान, सारखी लघवी, पाणी कमी होणं, जखमा न भरणं हे सगळं येतंच, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळतही नाही. एका तापाच्या किंवा जुलाबाच्या आजारात शुगर पाचशे-सहाशेच्या वर जाऊन माणूस ग्लानीत जाऊ शकतो. शिवाय वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, पाय, आणि सदासर्वकाळ ब्लड प्रेशर. ह्यात सवलत नाही.

आता माझ्या मामाची गोष्ट. मामा लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. वय 76. गिरणीत होता, 1982 च्या संपानंतर गिरणीच राहिली नाही, मग वीसेक वर्षं वॉचमनची रात्रपाळी केली. अंगाने पहिल्यापासून हाडकुळा. ‘मला कुठला डायबेटीस, माझ्या अंगावर मांस तरी आहे का?’ हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी दाखवून दिलंय की आपल्याकडची माणसं बारीक दिसली तरी त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, अगदी जन्मतः कमी वजनाच्या बाळांतसुद्धा. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे गरिबीतली चरबी. तीपण आमच्याच नशिबात.”

मामाला वर्षभरापूर्वी एम्पाग्लिफ्लोझिन सुरू झालं. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी ही गोळी, हृदयाला आणि किडनीला चांगली. मार्च 2025 मध्ये तिचं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या, तेव्हा 60 रुपयांच्या आसपास पडणारी गोळी दहा-पंधरा रुपयांवर आली. मामासारख्यांना ती परवडायला लागली ती तेव्हापासून. गोळी बरोबर, आजार बरोबर. पण साखरेबरोबर पाणीही जातं, आणि मामाच्या चाळीतला संडास गॅलरीच्या त्या टोकाला आहे. रात्री दोन-तीनदा उठायचं, डोळे किलकिले करत, लोकांच्या चपला, बादल्या, वाळत घातलेली छत्री चुकवत जायचं. गॅलरीतला दिवा कुणाच्या मीटरवर, ह्यावर चाळीत पिढीजात मतभेद. ह्या माणसाला औषध लिहून देताना किडनीबरोबर संडास कुठे आहे तेही विचारायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. मामीने ते कुणी न विचारता डॉक्टरांसमोर मांडलं. लघवी जास्त करवणारी बीपीची गोळीही चालू होती, ती बदलली. डायबेटीसची ही गोळी सकाळी घ्यायची, संध्याकाळी सातनंतर चहा-पाणी बेताने, आणि उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उपास असला तर ती बंद ठेवून फोन करायचा, असं ठरलं. मामीने शेजाऱ्यांच्या परवानगीची वाट न बघता आपल्या मीटरवरून गॅलरीत दिवा लावून घेतला.

मामाचे पाय हा वेगळाच प्रकार. “चप्पल पायातून कधी निसटते कळतच नाही, चार पावलं गेल्यावर मागचा माणूस ओरडतो,” हे तो विनोद म्हणून सांगायचा. डायबेटीसने नसा बधिर झाल्याचं इतकं अचूक वर्णन दुसरं नसेल. आणि हाच मामा अंगारकीला लालबागहून प्रभादेवीला अनवाणी जायचा. तीन वर्षांपूर्वी परत आला तेव्हा मामीला लादीवर लाल ठिपके दिसले, दारापासून मोरीपर्यंत. मामाच्या तळव्यात बाटलीच्या काचेचा तुकडा होता आणि त्याला पत्ता नव्हता. जखम भरायला पावसाळा सरला. आता मामी रोज रात्री जमिनीवर दाढीचा आरसा ठेवते आणि मामा खुर्चीत बसून एकेक पाय त्याच्यावर धरतो. वाकता येत नाही, तळवा दिसत नाही, त्यावर हा तोडगा. बोटांच्या बेचक्यात ओल आहे का, टाचेला भेग आहे का, कुठे लाल झालंय का. अनवाणी जाण्याचं म्हणाल तर मामाने सिद्धिविनायकाशी परस्पर तडजोड केली आहे : बूट-मोजे घालून जायचं आणि देवळाशी स्टँडवरच काढायचे. पाणी गरम आहे का ते पायाने बघायचं नाही, मामीने हाताने बघायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डबद्दल बोलायचं तर कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, ‘डायबेटीस मुळापासून’ हे सगळं आमच्याही घरी आलेलं आहे. मेथी खावी, कारलंही खावं, भाजी म्हणून. चीड येते ती ह्याची की सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या ताटातून एकेक पदार्थ उचलला जातो. भात नको, बटाटा नको, केळं नको, गाजर नको. उरतं काय, तर भाकरीचा चतकोर आणि पातळ आमटी, आणि मग ‘वजन छान उतरलंय’ म्हणून शाबासकी. त्या वयात मांडीचे, दंडाचे स्नायूही उतरतात. खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागायला लागतो. आईंच्या ताटात आम्ही उलट वाढवलं : सकाळी मुगाचं धिरडं, दुपारी दाट वरण, चार वाजता ताक किंवा अंडं. अंड्याला संकष्टी सोडून कुठल्याही दिवशी त्यांची हरकत नसते. उपासाला आता वरीचे तांदूळ, दही आणि रताळं, आणि सकाळीच ठरवायचं की आज कुठली गोळी घ्यायची.

घरात एक पाकीट ग्लुकोज पावडरचं असतं, एक आईंच्या पिशवीत. शुगर लो झाली की साखर चालते, पण सगळ्यांना नाही. ज्यांना वोग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असते त्यांच्या पोटात साध्या साखरेचं विघटन हळू होतं, त्यांना लो झाल्यावर ग्लुकोजच लागतं. बर्फी, चॉकलेट कामाचं नाही, त्यातली चरबी साखरेला अडवून धरते. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटे असतात, मुलगा परदेशात. नर्सिंग ब्युरोतून आलेला एक मुलगा त्यांना इन्सुलिन देतो. एकदा मी सहज बघायला गेले तर टेबलावर दोन प्रकारच्या सिरिंज, एक लाल टोपणाची, एक केशरी. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या 40 ताकदीच्या असतात आणि 100 ताकदीच्याही. लाल टोपण 40 साठी, केशरी 100 साठी. 100 ची बाटली लाल सिरिंजने ओढली तर डोस अडीचपट जातो. तो मुलगा हुशार होता, त्याने लाल सिरिंज आधीच बाजूला काढून ठेवल्या होत्या, “ताई, ह्या जुन्या बाटलीच्या आहेत, टाकून देऊ ना?” परदेशातल्या मुलाला फोनवर रोजचा आकडा जातो. हे टोपण त्याला कधी दिसलं असेल असं वाटत नाही.

आकड्यांवर एवढं बोलले तर मशिनबद्दलही एक सांगते. यंदाच्या मे महिन्यात आईंची जेवणानंतरची शुगर 312 आली. नवऱ्याचा चेहरा उतरला. लगेच डॉक्टरांना फोन, लगेच ‘बघ, गोळी बंद केल्याचा परिणाम’. आई शांत. पदराला हात पुसत म्हणाल्या, “नातवंडांसाठी रस काढत होते.” साबणाने हात धुवून, कोरडे करून, दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचून पुन्हा बघितलं. 171. बोटाला लागलेला आंबा मशिन रक्तातला म्हणून मोजत होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे आईंनी तो विषय स्वतःच काढला. डॉक्टर म्हणाले, अर्धा आंबा चालेल, पोळीभात त्या मानाने कमी करून, जेवणाबरोबर.

“अर्धा कुठला? हापूसचा की पायरीचा?”

“हापूसचा धरू या.”

“आणि कोय कुणाच्या अर्ध्यात?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, जरा विचार केला आणि म्हणाले, “कोय तुमची.” आईंनी माझ्याकडे वळून सांगितलं, “लिहून घे गं, नंतर हा नाही म्हणेल.” हा म्हणजे नवरा. मी फाइलमध्ये, मेटफॉर्मिनच्या खाली, लिहून घेतलं.